टॉम क्रीन: घरी परतलेला खलाशी

आजच्या व्याख्यानात आपण एका खलाशाचं आयुष्य बघणार आहोत. टॉम क्रीन हे त्याचं नाव. अंटार्क्टिकाच्या इतिहासाची आवड असणाऱ्यांनी ते ऐकलेलं असेल. स्कॉट आणि शॅकल्टन ही दोन नावं तर बहुतेकांना माहीत असतात. क्रीन या दोघांबरोबर मिळून तीन मोहिमांवर होता. पण आज मोहिमांपेक्षा जास्त वेळ आपण त्याच्या निवृत्तीनंतरच्या अठरा वर्षांना देणार आहोत. ही वर्षं त्याने आयर्लंडमधल्या एका खेड्यात बायको-मुलींबरोबर काढली, आणि त्या काळात अंटार्क्टिकाबद्दल तो जवळजवळ काही बोलला नाही.

प्रश्न असा आहे, की जो माणूस स्वतःबद्दल लिहीत नाही आणि बोलतही नाही, त्याचा इतिहास आपण कसा लिहायचा? आणि तो गप्प राहिला याचा अर्थ काय लावायचा? सोपं उत्तर आहे, 'बिचारा विनम्र होता.' पण इतिहासात सोपं उत्तर घेण्याआधी जरा थांबावं.

आधी आयुष्याची रूपरेषा बघू. आयर्लंडच्या नैऋत्य टोकाला केरी नावाची काउंटी आहे, आपल्या जिल्ह्यासारखी. तिथल्या डिंगल द्वीपकल्पावर ॲनास्कॉल हे छोटं गाव. या गावाजवळ 1877 मध्ये क्रीनचा जन्म झाला. घर शेतकऱ्याचं, दहा भावंडं. जमीन थोडी, खाणारी तोंडं जास्त. अशा घरातल्या मुलांपुढे त्या काळी ठरलेल्या वाटा असत: अमेरिकेचं जहाज पकडायचं, पोलिसात जायचं, नाहीतर ब्रिटिश लष्करात किंवा नौदलात. आयर्लंड तेव्हा ब्रिटिश राज्याचाच भाग होता. जुलै 1893 मध्ये क्रीन ब्रिटिश नौदलात भरती झाला, 'बॉय सेकंड क्लास' म्हणून, म्हणजे अगदी तळाच्या पायरीवर.

पुढची आठ वर्षं साध्या नोकरीची. मग 1901 च्या डिसेंबरमध्ये योगायोग घडला. क्रीनचं जहाज तेव्हा न्यूझीलंडला होतं. स्कॉटचं 'डिस्कव्हरी' हे जहाज दक्षिणेकडे जायच्या तयारीत तिथेच आलेलं होतं. त्यातला एक खलाशी पळून गेला आणि जागा रिकामी झाली. क्रीनने नाव दिलं. चोवीस वर्षांचा होता तो. ध्रुव जिंकायचं स्वप्न वगैरे उराशी बाळगून तो गेला, असं म्हणायला आपल्याकडे काही आधार नाही. एक जागा सुटली आणि त्याने ती धरली.

त्या मोहिमेतून तो 1904 मध्ये परतला. स्कॉटच्या शिफारशीवरून त्याला पेटी ऑफिसर म्हणून बढती मिळाली, आणि पुढे स्कॉट ज्या जहाजांवर गेला तिथे क्रीनलाही बोलावून घेत राहिला. म्हणून 1910 च्या 'टेरा नोव्हा' मोहिमेत क्रीन असणार हे ठरल्यासारखंच होतं.

आता इथे जरा थांबून एक गोष्ट लक्षात घ्या, कारण आपल्या मूळ प्रश्नाशी तिचा संबंध आहे. केप इव्हान्स इथे स्कॉटच्या मोहिमेने लाकडी घर उभारलं होतं. त्या एकाच छपराखाली सामानाच्या खोक्यांची भिंत रचून दोन भाग केलेले होते. एका बाजूला अधिकारी आणि शास्त्रज्ञ, दुसऱ्या बाजूला खलाशी. बाहेर उणे चाळीस तापमान, माणसं मोजकी, तरीही नौदलाची उतरंड आतमध्ये शाबूत. लिहिणारी माणसं बहुतेक खोक्यांच्या पलीकडची. पुस्तकं त्यांनी लिहिली, व्याख्यानं त्यांनी दिली. अलीकडच्या बाजूच्या माणसांचं काम स्लेज ओढायचं, तट्टं आणि कुत्री सांभाळायची, हुकूम पाळायचा.

याला अपवाद होते, आणि तेही सांगायला हवेत. विल्यम लॅशली हा मुख्य स्टोकर, म्हणजे बॉयलरवरचा माणूस. तो डायरी ठेवत असे. त्याच्या डायरीतला मोठा भाग चेरी-गॅरार्डने 1922 मध्ये छापलेल्या 'द वर्स्ट जर्नी इन द वर्ल्ड' या पुस्तकात घेतला. तो घेतला नसता, तर पुढे जी हकीकत आपण बघणार आहोत, तिचे बरेच तपशील हरवले असते. क्रीनने मात्र मागे डायरी ठेवली नाही. काही पत्रं आहेत, तेवढीच.

तर हकीकत अशी. 4 जानेवारी 1912. दक्षिण ध्रुव सुमारे 270 किलोमीटरवर राहिलेला. इथून स्कॉटने चार जण बरोबर घेतले आणि शेवटच्या तिघांना परत पाठवलं: लेफ्टनंट टेडी इव्हान्स, लॅशली आणि क्रीन. परत फिरताना क्रीनच्या डोळ्यांत पाणी आलं, अशी नोंद स्कॉटने केलेली आहे. लक्षात घ्या, क्रीनचं दुःखसुद्धा आपल्याला स्कॉटच्या वहीतून कळतं.

परतीचा रस्ता सुमारे 1,200 किलोमीटरचा. वाटेत इव्हान्सला स्कर्व्ही झाला. ताजं अन्न न मिळाल्याने, म्हणजे 'क' जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा हा आजार. हिरड्या सुजतात, सांधे धरतात, माणूस उभा राहू शकत नाही. शेवटी त्याला स्लेजवर बांधून दोघं ओढू लागले. मला इथेच सोडा आणि तुम्ही जा, असा हुकूम इव्हान्सने दिला. दोघांनी तो सरळ मोडला. आपला हुकूम मोडला गेल्याचा आयुष्यातला हा एकच प्रसंग, असं इव्हान्सने पुढे लिहून ठेवलं.

18 फेब्रुवारीला सकाळी दोघांची ताकद संपली. जवळचा तळ, हट पॉइंट, अजून 56 किलोमीटर लांब होता. लॅशली आजाऱ्याजवळ थांबला आणि क्रीन एकटा निघाला. तंबू नाही, झोपायची पिशवी नाही, स्टोव्ह नाही. खिशात तीन बिस्किटं आणि चॉकलेटच्या दोन कांड्या. मोठा पल्ला त्याने आधीच पायी तुडवलेला होता. सुमारे अठरा तास चालून 19 तारखेच्या पहाटे तो तळावर पोचला, आणि पाठोपाठ हिमवादळ आलं. वादळ ओसरल्यावर डॉक्टर ॲटकिन्सन कुत्र्यांची स्लेज घेऊन निघाला. इव्हान्स वाचला. त्याबद्दल क्रीन आणि लॅशली या दोघांना 1913 मध्ये अल्बर्ट मेडल मिळालं.

या अठरा तासांचा साक्षीदार कोण? क्रीन एकटा. सोबत कुणी नव्हतं. तळावर पोचल्यावर त्याने जे सांगितलं, ते ऐकणाऱ्यांनी लिहून ठेवलं, आणि थोडं त्याच्या पत्रांत आहे. अंटार्क्टिकाच्या इतिहासातल्या इतक्या मोठ्या घटनेचा मूळ पुरावा एवढाच. आज या अठरा तासांवर पानंच्या पानं लिहिली जातात. वाटेत त्याच्या मनात काय आलं असेल, कुणाची आठवण झाली असेल, सगळं. ते वाचायला छान वाटतं, पण ते लेखकाचं आहे, क्रीनचं नव्हे. इतिहास वाचताना हा फरक आपल्याला कळायला हवा.

नोव्हेंबर 1912 मध्ये जी तुकडी स्कॉटला शोधायला गेली, तिच्यात क्रीन होता. तंबू सापडला, आत स्कॉट आणि दोन सोबती मृतावस्थेत होते. ज्या अधिकाऱ्याबरोबर त्याची दहा-अकरा वर्षं गेली होती, त्याच्यावर बर्फाचा ढिगारा रचून ही माणसं परत फिरली.

तिसरी मोहीम शॅकल्टनची, 'एन्ड्युरन्स'ची, 1914 ची. क्रीन यात सेकंड ऑफिसर होता, म्हणजे खोक्यांची ती भिंत त्याने ओलांडली होती म्हणा ना. जहाज बर्फात अडकलं आणि नोव्हेंबर 1915 मध्ये बुडालं. जहाजावर कुत्रीने पिल्लं दिली होती, ती क्रीनने वाढवलेली. फ्रँक हर्ली या छायाचित्रकाराने काढलेला क्रीनचा आणि पिल्लांचा फोटो आजही सगळीकडे दिसतो. जहाज सोडल्यावर पिल्लांना खायला घालणं शक्य नव्हतं, त्यांना गोळी घालावी लागली. ते क्रीनच्या मनाला फार लागलं, असं शॅकल्टनने नोंदवलंय. म्हणजे तो हसरा फोटो बघताना पुढे काय झालं हेही आपण लक्षात ठेवलं पाहिजे.

मग एप्रिल 1916. बावीस माणसं एलिफंट आयलंडवर मागे ठेवून सहा जण 'जेम्स केअर्ड' नावाच्या उघड्या होडीतून निघाले. होडीची लांबी सात मीटरपेक्षाही थोडी कमी, अंतर सुमारे 800 सागरी मैल, आणि समुद्र जगातला सगळ्यात खवळलेला. सुकाणूवर बसला की क्रीन काहीतरी गुणगुणत असे, आणि ते कुठलं गाणं हे कुणालाच ओळखता येत नसे. हे शॅकल्टनने सांगितलंय. सतरा दिवसांनी होडी साऊथ जॉर्जियाला लागली, पण बेटाच्या चुकीच्या बाजूला. व्हेल मारणाऱ्यांची वस्ती डोंगरांपलीकडे. शॅकल्टन, वर्स्ली आणि क्रीन असे तिघे 36 तास चालून पलीकडे उतरले. पुढे चौथ्या प्रयत्नात, 30 ऑगस्ट 1916 रोजी, 'येल्चो' या चिलीच्या बोटीने ते बावीसही जण सुखरूप सुटले.

इथपर्यंतची गोष्ट तुम्हाला कुठल्याही पुस्तकात मिळेल. आता आपण घरी येऊ.

परतल्यावर क्रीन नौदलातल्या नेहमीच्या नोकरीवर रुजू झाला. युद्ध चालूच होतं. त्याला बोसनचा हुद्दा मिळाला. आपल्याकडच्या जहाजांवर ज्याला सारंग म्हणत, साधारण त्या कामाचा माणूस. सप्टेंबर 1917 मध्ये त्याने ॲनास्कॉलच्याच एलन हर्लिहीशी लग्न केलं. वय चाळीस. पुढे जहाजावर पडून त्याच्या डोक्याला मार बसला, नजरेवर परिणाम झाला, आणि 24 मार्च 1920 रोजी नौदलाने त्याला वैद्यकीय कारणावरून निवृत्त केलं. जवळजवळ सत्तावीस वर्षांची नोकरी झाली होती.

ही तारीख नीट लक्षात ठेवा. 1916 मध्ये, क्रीन बर्फात असताना, डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव झाला होता. 1919 पासून आयर्लंडचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलं होतं. आयरिश रिपब्लिकन आर्मी आणि ब्रिटिश सरकार आमनेसामने होते. आणि क्रीन कुणाचा माणूस? ब्रिटिश नौदलाचा पेन्शनर, छातीवर राजाने लावलेलं पदक. त्याचा थोरला भाऊ कॉर्नेलियस पोलीस सार्जंट होता. क्रीन निवृत्त झाल्यावर साधारण एका महिन्याने, 25 एप्रिल 1920 ला, काउंटी कॉर्कमध्ये या भावाला दबा धरून गोळ्या घालण्यात आल्या.

आता तुम्हीच विचार करा. गावात परत आलोय. घरात लहान मूल आहे. भाऊ ब्रिटिशांच्या नोकरीत होता म्हणून मारला गेलाय. शेजारीपाजारी कोण कुठल्या बाजूचा, सांगता येत नाही. अशा वेळी चौकात बसून कोणी 'मी कॅप्टन स्कॉटबरोबर होतो' म्हणून गोष्टी सांगेल का? क्रीनने पदकं पेटीत ठेवून दिली. त्याच्या मुलींनीच पुढे म्हातारपणी सांगितलं, की वडील त्याबद्दल घरात बोलत नसत.

म्हणजे गप्प राहण्यामागचं एक कारण मिळालं: काळ. पण एवढ्यावर थांबलं तर पुन्हा अर्धवट उत्तर होईल. कारण 1922 मध्ये आयर्लंडला स्वराज्य मिळालं, त्यानंतर यादवी झाली आणि तीही संपली, तरी क्रीन बोलला नाही. दुसरं कारण शोधावं लागतं.

एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. शॅकल्टन पुन्हा दक्षिणेला निघाला, 'क्वेस्ट' जहाज घेऊन, 1921 मध्ये. त्याने क्रीनला बोलावलं. क्रीनने नकार दिला. आता घरी लांब केसांची सोबतीण आहे, अशा अर्थाचं काहीतरी गमतीने म्हणाला, अशी आठवण सांगतात. शॅकल्टन गेला आणि जानेवारी 1922 मध्ये साऊथ जॉर्जियालाच वारला. क्रीनच्या आयुष्याकडे बघताना हा नकार आपण फार हलका समजतो, आणि आपल्याला तसं करता येणार नाही. 'डिस्कव्हरी'ची जागा योगायोगाने मिळाली. त्यानंतर स्कॉटने बोलावलं म्हणून तो गेला. शॅकल्टनने बोलावलं म्हणून गेला. चौथ्यांदा बोलावणं आलं आणि तो म्हणाला, नाही. सत्तावीस वर्षं हुकूम पाळणाऱ्या माणसाने स्वतःच्या मनाने घेतलेला हा निर्णय, आणि तो घरासाठी घेतला.

घरी सगळं सुखाचं होतं असंही नाही. तीन मुली झाल्या. मधली आजारी असे, आणि 1924 मध्ये ती लहानपणीच गेली. डोंगर ओलांडून बावीस माणसांच्या सुटकेला हात लावणाऱ्या बापाला आपलं लेकरू वाचवता आलं नाही. यावर तो काय म्हणाला याची नोंद कुठे नाही, आणि आपणही त्याच्या तोंडी शब्द घालू नयेत.

1927 मध्ये नवरा-बायकोने गावात पब सुरू केला. नौदलात साठवलेले पैसे त्यात घातले. गिऱ्हाईक बघायची ती बहुतेक एलन. क्रीन बागेत राबायचा, कुत्र्यांना घेऊन फिरायला जायचा. आणि पबचं नाव काय ठेवलं? 'साऊथ पोल इन'. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असं.

मला नव्हे, आपल्या सगळ्यांनाच इथे अडखळायला व्हायला पाहिजे. कारण जो माणूस लपवतोय म्हणून आपण सांगतो, त्याने दारावरच 'दक्षिण ध्रुव' लिहून ठेवलंय! म्हणजे लाज वाटत नव्हती, विसरायचंही नव्हतं. त्याने स्वतःच्या आयुष्याबद्दल जगाला एकच ओळ सांगितली, ती पाटीवर. बाकीची गोष्ट विचारली तरी सांगितली नाही. आपल्या मते याला विनम्रता म्हणण्यापेक्षा हद्द आखणं म्हणावं. मोहिमांचा क्रीन स्कॉटच्या, शॅकल्टनच्या पुस्तकांत होताच, दुसऱ्यांच्या शब्दांत. घरातला क्रीन त्याने कुणाला दिला नाही.

जुलै 1938 मध्ये त्याच्या पोटात दुखू लागलं. अपेंडिक्स. जवळच्या मोठ्या गावात, ट्रॅलीला नेलं, तिथे त्या वेळी शस्त्रक्रिया करणारा सर्जन नव्हता. मग लांब कॉर्कला. तोवर अपेंडिक्स फुटलं होतं. 27 जुलैला तो गेला, एकसष्टाव्या वर्षी. गावाजवळच्या दफनभूमीत त्याने स्वतःच बांधून ठेवलेल्या कबरीत त्याला ठेवलं. इव्हान्ससाठी अठरा तास चालून मदत आणणाऱ्याला वेळेवर मदत मिळाली नाही, असं म्हणायचा मोह होतो. पण त्या काळच्या ग्रामीण आयर्लंडमध्ये कित्येकांच्या वाट्याला असंच येत होतं. तो मरणातही चारचौघांसारखाच होता.

त्यानंतर साठेक वर्षं बाहेरच्या जगाला त्याची फारशी आठवण नव्हती. मायकेल स्मिथ या पत्रकाराने 2000 मध्ये त्याचं चरित्र लिहिलं. 2003 मध्ये पबसमोर पुतळा उभा राहिला, एका हातात पिल्लं. आयर्लंड सरकारचं 2022 मध्ये आलेलं समुद्र-संशोधन जहाज त्याच्या नावाचं आहे. ज्या देशात त्याला पदकं पेटीत ठेवावी लागली, त्याच देशाने त्याचं नाव जहाजाला दिलं. ही आनंदाची गोष्ट आहे. दोन्ही बाजूंनी लढलेल्या घरांना आपली माणसं आता मोकळेपणाने आठवता येतात, याची ती खूण आहे.

पण यात एक धोका आहे. पुतळा खलाशाचा झाला, अंगावर बर्फातले कपडे, हातात काठ्या. बागेत काम करणारा, मुलगी गमावलेला, बायकोच्या पबच्या मागच्या दाराने कुत्री घेऊन निघणारा माणूस पुतळ्यात बसत नाही. आधी अधिकाऱ्यांनी त्याला आपल्या गोष्टीतलं पात्र केलं, आता देशाने केलं. आपणही या तासाभरात थोडंफार तेच केलं असेल. निदान तो धोका ओळखून केलं, एवढं म्हणता येईल.

शेवटी आपल्यापुरतं थोडं. रत्नागिरी आणि एकूणच कोकणातून पिढ्यान् पिढ्या माणसं बोटींवर आणि नौदलात गेली. त्यांतले बहुतेक तळाच्या हुद्द्यांवर. त्यांच्याबद्दल लिहिलं गेलं ते कंपनीच्या आणि सरकारच्या कागदांत. घरातल्या पेटीत नोकरीचं पुस्तक, पेन्शनचा कागद, एखादा फोटो असतो. आजोबा बोटीवर होते एवढं सगळ्यांना माहीत असतं, पण कुठल्या बोटीवर, कुठल्या साली, घरी किती वर्षांनी आले, आजीने तोवर घर कसं चालवलं, हे विचारलेलं नसतं. क्रीनबद्दल आज आपल्याला घरातलं जे थोडं कळतं, ते त्याच्या मुली जिवंत असताना कुणीतरी जाऊन विचारलं म्हणून कळतं. तर तुमच्या घरी असं कुणी असेल, किंवा अशा माणसाची मुलगी-सून असेल, तर त्यांच्याजवळ बसा. मोहिमेचं विचाराच, पण परत आल्यावरचंही विचारा. आणि त्यांनी एखादी गोष्ट सांगायची नाही म्हटलं, तर तेही तसंच लिहून ठेवा. तीही माहितीच आहे.

इथे थांबू. प्रश्न असतील तर घेऊ.